चिपिंग ऑल्डरच्या काचेतले जोडे

इंग्लंडला जाण्याचा निर्णय माझा नव्हता. माझ्याबाबतीतले निर्णय बहुधा अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, घेते. तिची मुलगी सुमन आणि डॉक्टर जावई बर्मिंगहॅमला राहतात. त्यांनी अक्का आणि तिच्या यजमानांना बोलावलं, तेव्हा अक्का म्हणाली, जमिनीवर एवढी जागा असताना मी हवेत बसणार नाही. मग तिच्या जागी मी. संपादकांनी तीन आठवड्यांची रजा दिली आणि मोबदल्यात हा लेख मागितला. म्हणजे रजाही नव्हती.

अक्काचे यजमान वामनराव, आमचे भाऊजी, यांचं नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. तीस वर्षं ते त्याच गादीवर मांडी घालून बसतात आणि डोक्यावर एकच पाटी आहे : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. इंग्रज व्यापारी लोकरीवर एवढे श्रीमंत कसे झाले ते त्यांना पाहायचं होतं. मला काही पाहायचं नव्हतं, पण मला कोणी विचारलंही नव्हतं.

निघताना अक्काने पापड, तिखट आणि संत्र्याची बर्फी यांच्यासोबत एक सूचना बांधून दिली. "त्यायच्या जोड्यांवर लक्ष ठेवजो. बाकी ते मोठे आहेत." पासपोर्टवर नव्हे, पैशांवर नव्हे, जोड्यांवर. मी संस्कृत शिकलेला माणूस. मूळ वाक्य साधं असलं की भाष्याच्या शोधात जातो. इथे भाष्य सापडलं नाही, म्हणून सूचना विसरलो.

बर्मिंगहॅमहून दक्षिणेला सुमनच्या छोट्या गाडीने दोन तासांत मेंढ्यांच्या टेकड्या लागतात. जाणाऱ्यांसाठी सांगतो : रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि समोरून ट्रॅक्टर आला की दोन्ही चालक एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत दहा मिनिटं घालवतात. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीत हा प्रश्न चार सेकंदांत आणि चार शब्दांत सुटतो, पण ते शब्द इथे छापता येत नाहीत.

पहिल्या गावात चौकात एक दगड होता. भोवती साखळी, बाजूला पाटी. सहाशे वर्षांपूर्वी या दगडावर चढून बाजारभाव पुकारत असत. दगड पाहायला पैसे नाहीत. दगडाची माहितीपुस्तिका पंचवीस पेन्स. मी पुस्तिका घेतली. तिच्यात दगडाचं चित्र होतं.

"आपल्या इकडे असता तर यावर पापड वाळले असते," भाऊजी म्हणाले. "दगड कामात तरी राह्यला असता."

जेवणाबद्दल : शाकाहारी आहोत असं सांगितल्यावर वाढणाऱ्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली, सँडविचमधली कोंबडी काढली आणि डुकराचं मांस तसंच ठेवलं. तेव्हा चिवडा जवळ बाळगावा. चहा मात्र किटलीभर येतो, आणि सोबत स्कोन नावाचा पदार्थ, जो जॅम आणि साय लावल्याशिवाय गिळता येत नाही आणि लावल्यावर थांबता येत नाही.

शनिवारी दुपारी चिपिंग ऑल्डरला पोचलो. चिपिंग म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, असं पुस्तिकेत होतं. मधासारख्या रंगाच्या दगडांची घरं, खांबांवर उभा उघडा बाजारमंडप, आणि गावाच्या मानाने तिप्पट मोठं चर्च. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. देवाला एवढं मोठं घर देणाऱ्याने धंद्यात काय काय केलं असेल, असं मी म्हणालो. भाऊजींनी माझ्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिलं.

चर्चच्या दारातल्या देवडीत एक लांब टेबल होतं. त्यावर जुने कोट, कपबश्या, पुस्तकं. टेबलाखाली जोड्यांची रांग, दहा-बारा जोड, नीट मांडलेले.

"पाह्य, पंडितजी," भाऊजी म्हणाले. मला ते पंडितजीच म्हणतात, त्यात आदर किती हे मी विचारत नाही. "आपन म्हनतो हे लोक देवाच्या घरात जोडे घालून जातात. काढतात गा हे."

मला हे अनुमान निर्दोष वाटलं. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी असतो. जोड्यांची रांग दिसली की आत देव. भाऊजींनी आपले जोडे काढले आणि रांगेच्या शेवटी सरळ रेषेत ठेवले. मी काढले नाहीत. फरशी थंड होती आणि माझी श्रद्धा तेवढी नव्हती.

आत व्यापाऱ्यांच्या समाधी जमिनीतच आहेत, वर पितळी पत्र्यावर कोरलेली माणसं. लोक त्यांच्यावरून चालतात. एका व्यापाऱ्याचा उजवा पाय मेंढीवर होता आणि डावा लोकरीच्या गोणीवर. गोणी उंच होती. भाऊजी त्याच्यासमोर फार वेळ उभे राहिले.

"याचा एक पाय वर आहे," ते म्हणाले.

"कलाकाराची सोय," मी म्हणालो.

ते वळले. हळूहळू, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. देवळात ते नेहमीच असे चालतात. महालातल्या राममंदिरात म्हाताऱ्या बाया त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना सांगतात, भक्ती अशी असते.

बाहेर टेबल आवरलं जात होतं. रांग नव्हती.

सुमनने निळ्या टोपीच्या बाईंना विचारलं. त्या आनंदाने म्हणाल्या, सगळं गेलं. चर्चच्या छपरासाठी जुन्या वस्तूंची विक्री होती. हो, तपकिरी हातशिलाईचे जोडे होते, दहा पेन्सला गेले. कोणी नेले? त्या वेळी टेबलावर दुसऱ्या बाई होत्या.

"बाबा, आपण दुसरे घेऊ," सुमन म्हणाली.

"दुसरे नाही चालत," भाऊजी म्हणाले आणि गाडीकडे निघाले. तेव्हा प्रथमच, बहिणीच्या लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, मला दिसलं की माझे भाऊजी लंगडतात. डावा पाय दोन बोटं आखूड, हे त्यांनी गाडीत बसल्यावर सांगितलं. महालातले शामराव चांभार त्यांच्या डाव्या टाचेखाली चामड्याचे जादा थर बसवतात, असे की वरून कळत नाही. हे तीन माणसांना ठाऊक होतं : भाऊजी, अक्का, शामराव. सुमनला लहानपणी सांगितलं होतं की बाबांच्या पायात काटा गेला आहे. काटा निघायला पंचवीस वर्षं लागली, तरी पोरीने विचारलं नाही.

बातमीदाराच्या धंद्यात मी स्वतःला चाणाक्ष समजतो.

मुक्काम खानावळीच्या वरच्या खोलीत होता. चारशे वर्षांची तुळई, तिच्यावर "डोकं सांभाळा" ही पाटी, आणि एका बाजूला कललेली जमीन. या कलण्याचे वेगळे पैसे घेतात, कारण ते जुनं आहे. खानावळवाल्याने भाऊजींना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले. ते घालून ते खाटेवर बसून राहिले.

"रविवारी प्रार्थनेनंतर पाद्री गावाला सूचना देतात," सुमन म्हणाली. "आपण त्यांना सांगू या का? एक टाच उंच असलेले जोडे म्हटलं की लगेच सापडतील."

"माहा पाय देवाच्या दारात पुकारता काय गा तुम्ही?" हे ते मला म्हणाले, जणू सूचना माझी होती. "परक्या गावात सगळ्यायले सांगाचं, वामनराव लंगडा आहे. त्यापेक्षा मी असाच घरी जातो."

"असेच म्हणजे रबरी बुटांत?"

"गांधीबागेत मले कोनं चालताना पाह्यलं नाही. आता पाहतील."

हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. गादीवरचा माणूस गादीवरच मोठा असतो, हे मी विनोद म्हणून अनेकदा लिहिलं आहे. त्या संध्याकाळी मला तो विनोद सुचला आणि मी तो गिळला. प्रवासात माणूस सुधारतो तो असा.

रविवारी चिपिंग ऑल्डर बंद असतं. दुकानं, चहाघर, टपाल, सगळं. जाणाऱ्यांनी रविवार टाळावा. जवळच्या सरदाराच्या हवेलीत मी आणि सुमन गेलो. तिकीट घेऊन एका श्रीमंत माणसाची न वापरलेले पलंगपोस पाहिले. भाऊजी गाडीतच बसले. बर्फीचा डबा त्यांनी संपवला नव्हता, यावरून मला काळजी वाटली.

सोमवारी पाऊस. पाऊस आला की इंग्रज माणूस म्युझियममध्ये जातो, तसे आम्हीही गेलो. बाजारमंडपामागे दोन खोल्यांचं गावचं म्युझियम होतं, चालवणारे निवृत्त शिक्षक मिस्टर पेन. उंच, सडपातळ, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट. आत लोण्याचे साचे, मेंढ्यांच्या घंटा, आणि बसने आलेल्या वीसेक बाया, पावसातून वाचलेल्या.

दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत, हिरव्या मखमलीवर, भाऊजींचे जोडे होते.

खाली नीटस अक्षरात चिठ्ठी. सुमनने हळूच मराठीत वाचली : "धनगराचे डोंगरी जोडे. उतारावर आडवं चालता यावं म्हणून एक टाच मुद्दाम उंच. स्थानिक हातकाम. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे."

जोडे तीन वर्षांचे होते. पण मला मिस्टर पेनवर हसता येईना. आम्ही जोड्यांवरून देव काढला होता, त्यांनी टाचेवरून डोंगर काढला. दोघांचंही तर्कशास्त्र सारखंच पक्कं.

"बाबा, हे तुमचे आहेत असं सांगते," सुमन म्हणाली.

"थांब." भाऊजी काचेकडे पाहत होते. "त्यानं पैसे देऊन घेतले. विकलेला माल परत घेत नाही, मी पाटी लावली आहे. कोन्या तोंडानं मागू?"

"भाऊजी, ती पाटी दुकानदारासाठी आहे. तुम्ही इथे दुकानदार नाही, माल आहात."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता रबरी बूट माझ्या पाठीत बसतो. पण ते म्हणाले, "हाव. माल मी आहो. बरोबर आहे तुह्यं." आणि ते स्वतःच मिस्टर पेनकडे चालत गेले. बुटांचा फतक-फतक आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

सुमनने सांगितलं. मिस्टर पेन नम्रपणे अस्वस्थ झाले. मी यांची अवहेलना करत नाही, ते म्हणाले, पण ही वस्तू आता नोंदवहीत आहे. ती यांचीच, हे मला कसं कळावं?

सुमनने वडिलांकडे पाहिलं, भाषांतर केलं आणि घाईने जोडलं, "बाबा, आपण पाहिजे तर आतल्या खोलीत..."

भाऊजींनी कठड्याला धरून रबरी बूट काढले. मोज्यांवर ते त्या खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. लपवता येईल तेवढंही लपवलं नाही. बाया बाजूला सरकल्या. मग ते मिस्टर पेनसमोर येऊन उभे राहिले.

"सांग त्याले, सुमन. माहा डावा पाय जन्मापासून लहान आहे. डोंगर-बिंगर काही नाही. हे काम नागपूरच्या शामरावचं आहे, महालातल्या. तेवढं लिहून ठेव म्हनावं."

सुमनचा आवाज मध्ये एकदा अडखळला. मिस्टर पेननी किल्ली काढली, पेटी उघडली, आणि जे कोणत्याही म्युझियममध्ये कोणी करणार नाही ते केलं : गुडघा टेकून जोडे जमिनीवर ठेवले. भाऊजींनी ते घातले आणि तेवढंच अंतर परत चालले. सरळ, जसे आम्ही त्यांना तीस वर्षं पाहत आलो तसे. एका बाईने टाळी वाजवायला हात उचलले आणि मग, इंग्रजच ती, छत्री नीट केली.

मिस्टर पेननी चिठ्ठी फाडली. दहा पेन्स घ्यायला त्यांनी नकार दिला, आणि उरलेल्या बर्फीला होकार. खोलीवर परतल्यावर भाऊजी त्या कललेल्या जमिनीवर अनवाणी खिडकीपासून दारापर्यंत चालून पाहत होते.

"पंडितजी, या जमिनीवर मी बरोबर चालून राह्यलो न गा. इकडून तिकडे. परत येतानाच तेवढं घोटाळा होते."

नागपूरला परत आल्यावर काय उरलं, असं लोक विचारतात. माझ्याकडे चर्चचं चित्र छापलेलं एक फडकं आहे, ताटं पुसायचं. अक्काने माझ्याशी दोन आठवडे बोलणं टाकलं, सूचना न पाळल्याबद्दल. आणि भाऊजी आता राममंदिरात माझ्या खांद्याशिवाय, भराभरा, लंगडत जातात. म्हाताऱ्या बाया निराश आहेत. त्यांच्या मते वामनरावांची भक्ती विलायतेत कमी झाली. हे सगळं छापायची परवानगी भाऊजींनीच दिली. "लिही," म्हणाले, "फक्त बर्फी कोनं खाल्ली ते लिहू नको."

दोन महिन्यांनी मिस्टर पेनचं पत्र आलं. काचेची पेटी रिकामी दिसते. शामरावांनी तसाच एक जोड करून द्यावा, योग्य ती किंमत देऊ, खाली त्यांचंच नाव लिहू.

मी आणि भाऊजी ते घेऊन महालात गेलो. शामराव आरीला दोरा ओवत होते. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं, जरा रंगवूनच. त्यांनी ऐकलं.

"पाय कोनाचा आहे?"

"पाय नाही," मी म्हणालो. "काचेत ठेवायचे आहेत."

"मग जोडा कशाचा करू? मापाबिगर मी हात नाही लावत. पाय पाठवा म्हना."

मी तसंच कळवलं. उलट टपाली तपकिरी कागद आला, त्यावर पेन्सिलीने काढलेले दोन मोठे, सडपातळ पाय. शामरावांनी कागद फळीवर पसरला, दोन्ही पायांवर वीत फिरवली आणि नाक मुरडलं.

"दोन्ही सारखे. एवढ्यासाठी मी काहून पाह्यजे होतो?"

तरी त्यांनी जोड केला. तो पोचल्याचं पत्र कालच आलं. पेटी अजून रिकामीच आहे. जोडे मिस्टर पेनच्या पायात आहेत, आणि ते घालून ते मेंढ्यांच्या टेकडीवर फिरून आले.