घाटाचा क्राऊन

निपाणीच्या सत्याप्पा मिस्त्रीला गाड्यांतलं काहीही विचारा, तो फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचा: ओढ. तंबाखूचे बोद, म्हणजे मणामणाची गाठोडी, भरलेली लॉरी आंबोलीचा घाट चढली की नाही, एवढंच त्याला ठाऊक. माणसांचीही तो तशीच पारख करायचा. ‘बरा हाय, पर ओढ न्हाय,’ असं म्हणाला की तो माणूस संपला. त्याच्या गॅरेजात हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या मलाही त्यानं त्यातच काढलं होतं, तेव्हा मी हे थोडं कुरकुरतच सांगतोय असं धरा.

धाकटा भाऊ कृष्णात त्याच्या हाताखाली वाढलेला. आईबाप लवकर गेले, त्यामुळे सत्याप्पा आणि त्याची बायको सुलाबाई यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. पण कृष्णातला आता लॉऱ्यांचा वीट आला होता. ऐंशीच्या सुमारास त्याला पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. जाण्याआधी त्याची एकच हौस होती. बेळगावजवळच्या जुन्या धावपट्टीवर सरळ रेषेत गाड्या पळवायची शर्यत व्हायची, तिथं स्वतः बांधलेली गाडी पळवायची. गाडी पळाली तर भाऊ राहील, असं सत्याप्पानं मनाशी धरलं. तोंडानं ‘राहा’ म्हणेल तर तो सत्याप्पा कसला!

गाडी म्हणजे एक जुनी मोटार. बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी भंगाराच्या लिलावातून आणलेला सुपरचार्जर त्यांनी तिच्यावर चढवला. तो इंजिनात हवा दाबून भरायचा आणि मरतुकडं इंजिन अंगात आल्यासारखं करायचं. प्रश्न राहिला मागच्या ॲक्सलचा. त्यात बसवायला क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या, दोन जोड्या होत्या. एकीला ओढ भरपूर, पण तिचा वेग लवकर संपायचा. दुसरी सावकाश उठायची, पण लांब धावायची. सत्याप्पानं विचारसुद्धा केला नाही, ओढीची बसवली. गॅरेजात चहा प्यायला बसलेल्या लॉरीवाल्यांनी माना डोलावल्या. घाटाचा क्राऊन बसला म्हणजे आता काळजी नाही, असंच सगळ्यांचं मत पडलं.

सरावाच्या दिवशी निशाण पडलं आणि मागची चाकं जागीच गरगरली. नुसता धूर. कशीबशी गाडी सुटली, तर अर्ध्या पट्टीतच शेवटचा गिअर पडला आणि पुढं इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. शेजारची जीप आरामात निघून गेली. कृष्णात खाली उतरला आणि हात पुसत बसला. त्याचा चेहरा पुण्याला पोचलेला होता.

सत्याप्पा म्हणे, ओढ कमी पडली. आणखी ओढीची जोडी कुठं मिळेल, याची तो चौकशी करू लागला. मला हसू येत होतं आणि त्याची दयाही येत होती.

बरोबर आलेली सुलाबाई फडक्यातल्या भाकऱ्या सोडत होती. तिचा जन्म वखारीत तंबाखू निवडण्यात गेलेला, गाड्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती म्हणाली, “अवो, पर ह्या गाडीत बोद कुठं हाईत?”

सत्याप्पाचा घास हातातच राहिला. गाडी रिकामी, पट्टी सपाट, आणि ओढ द्यायला वर सुपरचार्जर बसलेलाच. इतकी वर्षं ओझं वाहणाऱ्या गाड्या दुरुस्त करून त्यानं ह्या गाडीवरही मनातलं ओझं लादलं होतं. तो खजील झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा भावांनी झाडाखाली ॲक्सल उघडला आणि लांब धावणारी जोडी बसवली. पान्यानं नट आवळताना सत्याप्पाचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

दुपारी खऱ्या शर्यतीचं निशाण पडलं. गाडी सावकाश उठली, जीप पुढं गेली, आणि सत्याप्पानं डोळे मिटून घेतले. मीच त्याला हलवून बघायला लावलं. चाकं गरगरली नव्हती. गाडी वेग घेत होती, घेतच होती. शेवटच्या दोरीजवळ तिनं जीपला गाठलं आणि नाकभर पुढं गेली.

कृष्णात परत आला तेव्हा सत्याप्पा बॉनेटवरची धूळ पुसायला लागला. कृष्णातनंच विचारलं, “अण्णा, उद्या गॅरेज कवा उघडायचं?”

दिवाळीलाही गॅरेज बंद न ठेवणारा सत्याप्पा सगळ्यांदेखत रडला. म्हणाला, “उद्या सुट्टी हाय, रं.”