दूरच्या माणसाचं ताट

जपानमधल्या याइझूच्या बंदरामागच्या गल्लीत सादाएचं निम्मं आयुष्य रिकाम्या जागेपुढे ताट वाढण्यात गेलं. नवरा कुपा मासा धरणाऱ्या बोटीवर. एकदा गेला की महिनोन् महिने समुद्रावर. घरचं माणूस दूर असलं की त्याच्या जागी रोज त्याचं जेवण मांडायचं, हात जोडायचे आणि मग वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतल्या बाजूला वाफेचे थेंब असले तर माणूस सुखरूप. सासूने घालून दिलेली ही रीत तिने तापातसुद्धा मोडली नाही. लहानगा तोमोहारू शेजारी बसून विचारायचा, "आई, आले का थेंब?" यायचेच. सूप कढत ठेवणं तिच्या हातात होतं, बाकीचं देवाच्या.

नवरा दर खेपेला सुखरूप परतला आणि म्हातारपणी घरच्याच अंथरुणावर गेला. त्याआधीच तोमोहारूने तोक्यो गाठलं होतं. चित्रं काढतो, एवढंच सादाएला ठाऊक. कसली, ते बापाच्या कानावर आलं होतं, आणि बाप म्हणाला होता, "असली चित्रं काढणाऱ्याने ह्या दारात चपला काढू नयेत." पोराने ते अक्षरशः पाळलं. बाप गेला तेव्हा मंदिरात आला, हात जोडले आणि तिथूनच स्टेशनवर गेला. आता नववर्षाला फोन यायचा. "काम अंगावर आहे गं, आई."

पितरांचे दिवस जवळ आले तशी सादाए तोंडावरची लव काढून घ्यायला मिनेकोच्या सलूनमध्ये गेली. पाळी यायची होती. उकडत होतं म्हणून बाकावरचं चित्रकथांचं जाडजूड साप्ताहिक उचलून ती वारा घेऊ लागली. मिनेको वस्तरा हातात घेऊनच धावली.

"काकू, ते ठेवा. पुरुषांचं आहे ते."

"अगं, खलाशाची बायको मी. बोटीवरच्या खोलीत काय काय चिकटवलेलं असतं, ते मी खरवडून काढलंय."

तिने पान उघडलं. रिन नावाची एक यंत्राची बाई, हुबेहूब माणसासारखी, अंगावर ॲप्रन आणि ॲप्रनखाली फारसं काही नाही. मालक कामानिमित्त परगावी. रिनने त्याच्या जागी ताट मांडलं, झाकण उचललं, थेंब मोजले आणि जाहीर केलं, "मालकांची प्रकृती ब्याण्णव टक्के ठीक." पुढच्याच चौकटीत मालक गरम पाण्याच्या कुंडात चुकून बायकांच्या बाजूला शिरलेला, टॉवेल शोधत पळतोय. सादाएला हसू आलं. मग तिची नजर ताटावर गेली आणि हसू तिथेच राहिलं. जेवायच्या काड्यांची टोकं रिवाजाप्रमाणे डावीकडे नव्हती, उजवीकडे होती. तिचा नवरा डावखुरा होता. तशा काड्या ती त्याच्यासाठी मांडायची.

पानाच्या तळाशी रिन निवत चाललेल्या सूपापुढे बसून म्हणत होती, "मी दूर गेले तर माझं ताट कोण वाढणार? मला जेवण लागतच नाही म्हणा."

"इथे आमचे हे फार हसले," मिनेको चाचरत म्हणाली.

"हे तोमोहारूचं आहे?"

मिनेकोने वस्तरा टेबलावर ठेवला. "नाव दुसरं घेतो तो. पण गल्लीत सगळ्यांना माहितीये, काकू. तुम्हीच तेवढ्या…"

"रोज ताटापुढे हात जोडणाऱ्या भक्तिणीला असलं कोण सांगणार," सादाए म्हणाली. "लव काढ. जपून."

घरी येऊन तिने रोजच्यासारखं तोमोहारूचं ताट वाढलं. उजवीकडच्या सूपाच्या वाटीवर झाकण ठेवताना तिच्या लक्षात आलं: हे ताट तो दूर असतानाच वाढलं जातं. त्याने बापाचं पाहिलं होतं. स्वतःचं कधी बघणार?

दिवेलागणीला तिने फोन लावला.

"आई? काय झालं?"

"काही नाही. तुझ्या त्या रिनच्या काड्या उलट्या आहेत."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, "कुणी दाखवलं तुला?"

"मीच पाहिलं. कपडे कमी आहेत पोरीला, थंडीत तरी घाल काहीतरी."

तो हसलाही नाही. "बाबांच्या तशाच असायच्या काड्या."

"बाबांच्या. तुझ्या सरळ असतात."

"माझ्या कुठल्या?"

"तू गेलास त्या दिवसापासून तुझ्या. आत्ता समोरच आहेत."

तिने घाई केली नाही. बोटीच्या वाटेला डोळे लावायची सवय होती तिला.

"आज काय केलंयस?" शेवटी त्याने विचारलं.

"मुळा आणि कुपा, आलं घालून."

"मुळा मला आवडत नाही."

"माहीत आहे. खात तर मीच असते नंतर."

"आई, बाबा म्हणाले होते की…"

"ते त्यांचं. पितरांच्या दिवसांत त्यांना मी समजावते, फोटोपुढे बसून. यायचं असेल तर ये. नसेल तर नको येऊस. फक्त आदल्या दिवशी सांग."

"का?"

"माणूस घरी असला की हे ताट मांडायचं नसतं. मला एवढ्या वर्षांची सवय आहे, चुकून मांडीन."

"बरं," तो म्हणाला. येतो म्हणाला नाही.

तिने फोन ठेवला आणि मुळा खायला घेतला. गार झाला होता.