हसनाबादचा सर्व्हर आणि पहिला उन्हाळा

चार मित्र जमले की मी आमच्या सर्व्हरच्या खोलीच्या किश्शांवर येतोच. किस्से जमवायला मी कधी गेलो नाही. सर्व्हर धूळ ओढतो ना, तसे ते आपोआप साठत गेले.

बेंगळुरूत शिकून मी हसनाबादच्या माती परीक्षण केंद्रात आलो. गावच्या मातीचा अहवाल गावातच मिळावा, या कल्पनेनं पेटलो होतो. केंद्र चालवणाऱ्या संस्थेनं सर्व्हर दिला, पण अट घालून. पहिल्या उन्हाळ्यात तो तापून बंद पडला तर केंद्र जालन्याला हलणार. म्हणजे एका कागदासाठी शेतकऱ्याचा अख्खा दिवस मोडणार.

*

रखवालदार ज्ञानोबामामांना मी बजावलं, खोली सतत गार हवी. संध्याकाळी कुलूप लावताना त्यांनी एसी बंद केला. आत माणूस नसताना गारवा कोणासाठी? मशीनसाठी, मी म्हणालो.

"मशीनला घाम येतो का, साहेब?"

यावर मी वीस मिनिटं उत्तर दिलं. मामांनी उभ्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून एसी चालू राहिला आणि दारही सताड उघडं. कोंडून ठेवलं तर गुदमरेल म्हणून.

*

गार खोलीची बातमी गावभर झाली. एका सकाळी सर्व्हरच्या रॅकच्या डोक्यावर शेळ्यांच्या लसी, श्रीखंडाचा डबा आणि मोगऱ्याचे गजरे. गावात लग्न होतं. मी नियम सांगितला, खोलीत बाहेरचं काही चालणार नाही.

"नवरी बाहेरची न्हाई, हसनाबादचीच हाय," मामा म्हणाले.

श्रीखंड राहिलं.

*

सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज असा, की शेजारच्या कौसाबाई दळणाचा डबा घेऊन आल्या आणि रांग नाही म्हणून खूश झाल्या.

मी मनावर घेतलं. फोम आणला, पेटी बनवली, सर्व्हर आत बसवला. काय शांतता! पाव तासात लाल दिवा लागला. मामा धावत आले, पेटी काढून बाजूला ठेवली आणि अगदी आदरानं विचारलं, "बेंगळुरूला उन्हाळ्यात मशीनला गोधडी घालतेत का?"

*

मे संपत आला आणि संस्थेचे साहेब तपासणीला निघाले. त्याच सकाळी एसीनं मान टाकली. मिस्त्री संध्याकाळशिवाय येणार नव्हता. सर्व्हरच्या तापमानाचा आकडा चढत होता आणि मी केंद्राच्या निरोपाचं पत्र मनात जुळवत होतो.

मामांनी फक्त एवढंच विचारलं, "हे वारं कुठून घेतं आन् कुठून सोडतं?"

पुढून घेतं, मागून सोडतं, मी म्हणालो. मामा गेले आणि घरून ज्वारी उफणायचा विजेचा पंखा घेऊन आले. जन्मभर उफणणी केलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा काय शिकवायची? पंखा रॅकच्या मागे, तोंड खिडकीबाहेर. समोर सावलीतल्या दाराला ओलं गोणपाट. बटण दाबलं आणि टेबलावरचे सगळे अहवाल उडाले. आकडा थांबला. मग हळूहळू उतरू लागला.

साहेब आले. तासभर आकड्यासमोर बसले. पंख्याच्या गोंगाटात आम्ही काय बोललो ते त्यांना कळलं नाही, ते काय बोलले ते आम्हाला. फॉर्मवर शेवटचा रकाना उरला, आवाजाचा. साहेब मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "एवढ्या आवाजाचा तुम्हाला त्रास होत नाही का?"

मामाही तसेच ओरडले, "कोन्त्या आवाजाचा?"

साहेबांनी 'केंद्र हलवावे' यावर काट मारली आणि रकान्यात लिहिलं : आवाज – स्थानिकांची तक्रार नाही.