यशवंतभावजींच्या जपानी सुऱ्या

गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. फळीवर धूळ बसावी तशा त्या आपोआप साठतात. मला धूळ खपत नाही, हे क्षिप्रेकाठच्या आमच्या माधवनगरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आज ही एक फळी पुसून घेते.

प्रारंभ सन १९४८, जून महिना, ज्येष्ठाचा उकाडा. ग्वाल्हेर संस्थान नुकतेच मध्यभारतात विलीन झाले होते आणि माझे धाकटे दीर यशवंतभावजी पलटणीतून कायमचे घरी परतले होते. महायुद्ध संपल्यावर जपानच्या बंदोबस्ताला गेलेल्या हिंदी फौजेबरोबर ते ओकायामाच्या छावणीत होते. येताना त्यांनी एक लोखंडी ट्रंक आणली. ट्रंकेत तिथल्या एका खेड्यातल्या लोहाराने हाताने घडवलेल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या होत्या. साध्या लाकडी मुठी, पातळ पाती, प्रत्येक पात्यावर लोहाराची खूण.

सासूबाई विळीवर बसल्या होत्या. भावजींनी त्यांतली सर्वांत देखणी सुरी त्यांच्यापुढे ठेवली.

"आई, ही तुझ्यासाठी."

"हिनं मासळी कापली आहे का?"

"छे! साऱ्या कोऱ्या आहेत."

"असं तू सांगतोस."

"मग दुसरं कोण सांगणार?"

"पलटणीत नाव घातलंस तेव्हा 'इंदूरला जाऊन येतो' असं सांगून निघाला होतास. सहा वर्षांनी उगवलास!"

सुरी आली तशी ट्रंकेत परत गेली. सासूबाईंना सुरीचे वावडे नव्हते, भावजींच्या शब्दाचे होते. हे मला कळले, भावजींनाही कळले असावे. पण समोरून चाल जमेना तेव्हा त्यांनी बगलेतून जायचे ठरवले. "वहिनी, आईच्या मैत्रिणींना एकेक सुरी विकतो. चार घरांत पाहिली की ती आपण होऊन मागेल."

*

पहिले गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या जैन घरातल्या शेठाणीबाई. भावजींनी ओसरीवर कोबी मांडला आणि व्याख्यान सुरू केले.

"भाभीजी, देखिए कैसे काटती है! एक बार में काटती है!"

शेठाणीबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अरे भैया, काटने का नाम मत लो! हमारे यहाँ साग काटते नहीं, सुधारते हैं!"

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "शिकून घे! त्या बाईला नुसता शब्द सोसत नाही, आणि तू तिला तलवारी विकतोस!"

शेठाणीबाईंनी सुरी घेतली मात्र, आणि आठवड्याभरात "बहुत बढ़िया सुधारती है" असे गल्लीभर सांगितलेही. सासूबाईंनी ते ऐकले आणि विळीला धार लावून घेतली.

*

दुसरी सुरी गोदूताईंनी घेतली. त्यांचे यजमान रेल्वेत, माहेर सांगलीचे. महिन्याभराने भावजी खुशाली विचारायला गेले, अर्थात सुरीची. मी सोबत होते.

गोदूताईंनी मोठ्या अभिमानाने एक पाट पुढे ओढला. सुताराकडून त्यांनी सुरीची मूठ काढवली होती आणि पाते पाटावर उभे ठोकून घेतले होते. टोकाला खोबरे खवण्याची चकतीही होती!

"आता कशी माणसांत आली!" त्या म्हणाल्या.

भावजींना घाम फुटला. पाते परत मागितले तर गोदूताई चकित झाल्या. "परत? अहो, आता कुठे ती उपयोगाची झाली आहे!" अखेर बदल्यात दुसरी कोरी सुरी देऊन भावजींनी ते पाते सोडवून आणले.

दिवाळीपर्यंत गोदूताईंकडे दुसरी विळी तयार होती.

मी गोदूताईंना हसले नाही. विळीवर पाते जागचे हलत नाही. भाजी त्याच्याकडे जाते आणि दोन्ही हात भाजीवर राहतात. सुरीचे सारे उलट. भाजी बसून राहते आणि पाते फिरते. लहानपणापासून एका रीतीने बसलेल्या बाईला उठून दुसऱ्या रीतीने उभे राहा म्हणणे सोपे नसते. त्या वर्षांत राज्यालाही ते सोपे गेले नव्हते.

*

मग कोणीतरी चुगली केली आणि हवालदार दारात उभा राहिला.

"सुना है यहाँ हथियार बिकते हैं?"

भावजींनी टोमॅटो घेतला आणि त्याच्या अशा चकत्या केल्या की पलीकडचे वर्तमानपत्र वाचता यावे. हवालदाराने एक चकती उचलून उजेडात धरली, तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

"लायसन लगेगा क्या?" भावजींनी विचारले.

"नमक लगेगा."

मीठ आतून सासूबाईंनीच पाठवले. पण वाटी माझ्या हाती दिली, भावजींच्या नाही.

*

याप्रमाणे सुऱ्या घरोघरी गेल्या, आणि परतही आल्या! कोणी सुरी रात्रभर पाण्यात ठेवी आणि गंज चढे. कोणी तिने नारळ फोडू पाही आणि धारेला खांडे पडत. असे काही दिसले की भावजी ती सुरी परत विकत घेत, दगडावर घासून ट्रंकेत निजवीत. विक्री कमी, संग्रहच अधिक.

आमचे यजमान एकदा म्हणाले, "यशवंता, हा धंदा आहे की अनाथाश्रम?"

भावजी हसले नाहीत. सगळ्या मैत्रिणींची घरे झाली होती आणि आईने अजून काही मागितले नव्हते.

*

प्रकरण मिटले ते सन १९५६ च्या नोव्हेंबरात. नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली, आणि पलटणीनंतर भावजी ज्या सरकारी कचेरीत चिकटले होते तीही तिकडे हलली. ते निघायचे त्या दिवशी सकाळी सासूबाई क्षिप्रेवरून कार्तिकस्नान आटोपून आल्या आणि मेथी निवडत बसल्या. शिदोरीला मेथीच्या पुऱ्या करायच्या होत्या. गाडी संध्याकाळची होती.

ट्रंक भरता भरता भावजी थांबले आणि फडक्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. ही मी कधी पाहिली नव्हती. मूठ हाताने काळी पडलेली, पाते घासून घासून निम्मे उरलेले.

"आई, तेव्हा मी खोटं बोललो. साऱ्या कोऱ्या नव्हत्या."

सासूबाई निवडत राहिल्या.

"ही त्या लोहाराच्या आईची. मी निघालो तेव्हा तिनं आपल्या स्वयंपाकघरातून आणून दिली. खुणेनं म्हणाली, तुझ्या आईला दे."

"मासळी?"

"रोज."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू शिवली नसतीस."

"आणि आता शिवेन?"

"नाही."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी भावजींकडे पाहिले, बराच वेळ पाहिले.

"ठेव तिथं. बाकीच्या घेऊन जा."

त्या उठल्या. सुरी स्वतः धुतली, स्वतः कोरडी केली. विळी पायाने बाजूला सारली, पाट मांडला, निवडलेली मेथी त्यावर ठेवली. पहिले दोन-तीन घाव वेडेवाकडे पडले. मग हात बसला. भावजी उंबऱ्याशी तसेच बसून होते. अर्धी मेथी चिरून झाल्यावर सासूबाईंनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न पाहता मला म्हणाल्या,

"म्हातारीनं धार चांगली राखली आहे हो!"