शिमोनचं बायबल खिशात नव्हतं

बासष्ट साली आमची प्लाटून सरहद्दीवरच्या एका टेकडीवर पोस्टिंगला होती. मी नायक, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली लान्स नायक शिमोन होता. आम्ही दोघं उमरखेडकडच्या एकाच गावचे, एकाच चर्चमधले आणि छप्पन साली बरोबरच भरती झालेले. त्याच्याबद्दल आमच्या गावात एक खोटी गोष्ट सांगितली गेली. ती आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

टेकडीवरचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज उभं राहणं, मग हत्यारांची सफाई, चहा आणि दिवसभर मोर्चे खोदणं. शिमोन चहाच्या आधी बायबल वाचायचा. ताप असो की बर्फ पडो, एका वेळी एक परिच्छेद. तो दोनदा वाचायचा आणि पुस्तक मांडीवर ठेवून गप्प बसायचा. यातलं आज मी काय करणार, एवढंच तो स्वतःला विचारायचा. समासात पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची त्याला सवय होती, पण ती वाचल्यावर नाही, तसं वागल्यावर. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच परिच्छेद.

वंशावळीची पानंसुद्धा तो सोडत नसे. "काय रे, पटवाऱ्याचं दप्तर वाचून राह्यला का?" मी चिडवायचो.

"बाप-आज्याचं नाव इसरू नये, एवढं तं त्यातनं शिकता येते," तो म्हणायचा.

सेक्शनमध्ये भगवान नावाचा एक शिपाई होता. एकदा लंगरच्या रांगेत शिमोनचा मग त्याच्या मगाला लागला. भगवाननं आपला चहा जमिनीवर ओतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "धर्म बदलला म्हणून जात थोडीच बदलते." शिमोननं त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडलो, भगवानला वर पेश केलं, त्याला शिक्षाही झाली. मला विचाराल तर ती फार कमी होती.

त्याच सुमारास शिमोनचं वाचन वैऱ्याला माफ करण्याच्या शिकवणीपाशी आलं आणि तिथंच अडकलं. रोज सकाळी तेच पान.

"पुढं चाल ना," मी म्हणालो.

"कसा चालू? मले त्याचं तोंड पाहू वाटत नाही. रेघ कायची मारू?"

"मग तेवढं सोडून दे."

"सोडाले ते का कालचा पेपर आहे?"

हल्ला झाला त्या सकाळीही त्यानं तेच पान वाचलं. वाचून बायबल मेणकापडात गुंडाळलं, पॅकमध्ये ठेवलं, पॅक बंकरमध्ये टाकला आणि मोर्च्यात गेला. मी शेजारीच उभा होतो.

थोड्याच वेळात तोफांचा मारा सुरू झाला. भगवान पुढच्या टेहळणीच्या खड्ड्यात एकटा होता. फील्ड टेलिफोनवर त्याचा आवाज आला, "नायकसाहेब, पायाला लागलं. चालता येत नाही." मग लाईन तुटली. तेवढ्यात वायरलेसवर प्लाटून कमांडरचा हुकूम आला, "सगळे सेक्शन मागे. दुसऱ्या लाईनवर या. आऊट."

शिमोननं रायफल पाठीला टाकली.

"भगवानले आणतो."

"ऑर्डर मागे जायची आहे."

"म्हणून तं इचारून राह्यलो. जाऊ का?"

"जा. आम्ही फायर देतो."

तो वाकून पळत गेला आणि भगवानला खांद्यावर घेऊन आला. आमच्या मोर्च्याच्या काठावरून त्यानं भगवानला खाली आमच्या हातात दिलं. तो स्वतः उतरणार, तेवढ्यात मशीनगनच्या गोळ्या त्याच्या छातीत शिरल्या. मी हाक मारली. तो जागीच गेला होता.

भगवानला घेऊन आम्ही मागे आलो. बंकरमधला शिमोनचा पॅक मी उचलला. शिमोनला आणता आलं नाही. त्याचा राग कोणावर काढायचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढं रजेवर आलो तेव्हा ते बायबल मी त्याच्या बायकोच्या, मार्थावहिनीच्या हाती दिलं. लग्नाआधी तिला अक्षरओळख नव्हती. दर रजेत शिमोन तिला अंगणात बसवून याच पुस्तकातल्या ओळी वाचायला लावायचा. बायबल देऊन मी पलटणीत परतलो.

काही वर्षांनी नोकरी संपवून घरी आलो, तर बायबल चर्चमध्ये! वेदीजवळ काचेची पेटी, पेटीला कुलूप, वर झेंडूचा हार. येणारा माणूस काचेला हात लावायचा आणि तो हात डोळ्यांना लावायचा. उमरखेडहून लोक मुद्दाम पाहायला येत. शिमोनच्या स्मरणाची उपासना होती त्या दिवशी पाळकसाहेब भरल्या आवाजात सांगत होते, "गोळ्या छातीतून आरपार गेल्या, पण खिशातल्या पवित्र शास्त्राला साधा ओरखडा नाही!"

मार्थावहिनी मागं, दाराजवळ बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "वहिनी, बायबल इथं कसं?"

"एका रविवारपुरतं पाहिजे म्हणून नेलं, भाऊजी. मंग कुलूपच लागलं. मले वाचाले द्या म्हटलं, तं चर्चचे कारभारी म्हणते, बाईच्या हातानं पानं सुटतील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते जिथवर आलते, तिथून पुढं मले वाचाचं होतं. बाकी काही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळकसाहेबांचं बोलणं संपायची वाट मी पाहिली नाही.

"बायबल खिशात नव्हतं," मी मोठ्यानं म्हणालो. "बंकरमध्ये, पॅकमध्ये होतं. मीच आणलं. त्याला ओरखडा कसा येईल?"

पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, लोकांची श्रद्धा वाढते यानं."

"खोट्यानं? ज्या माणसानं त्याच्या मगाचा विटाळ मानला, त्याला खांद्यावर घेऊन शिमोन आला. ते करायला कागद कामी आला नाही, साहेब. रोजचं वाचणं कामी आलं. आणि तुम्ही काय केलं? वाचायच्या पुस्तकाला हार घातला! घरोघरी तेच. मखमलीत गुंडाळायचं, उंच फळीवर ठेवायचं, सणाला धूळ झटकायची. शिमोननं अशी रायफल ठेवली असती, तर मी त्याला शिक्षा दिली असती."

मग मी कारभाऱ्यांकडे वळलो. चर्चच्या किल्ल्या त्यांच्या कंबरेला असत.

"किल्ली द्या."

"हे देवाचं घर आहे, नायक. आवाज खाली करा."

"किल्ली द्या, नाहीतर काच फोडतो."

मी खरंच फोडली असती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि किल्ली काढून दिली. मी हार बाजूला ठेवला, बायबल बाहेर काढलं आणि मागं जाऊन वहिनीच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पानं उलटली. रेघांवरून बोट फिरवत ती शेवटच्या रेघेपाशी आली. त्याखालच्या, वैऱ्याला माफ करण्याच्या परिच्छेदापाशी रेघ नव्हती. ती तो मोठ्यानं वाचू लागली. अक्षर जुळवत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"भाऊजी, हे तं त्यायनं केलं ना?"

"केलं, वहिनी."

"मंग रेघ काहून नाही?"

"मारायला परत आला नाही तो."

तिनं हात पुढं केला. पाळकसाहेबच मागपर्यंत चालत आले आणि त्यांनी खिशातली पेन्सिल तिला दिली. तिनं समासात रेघ मारली. ती थोडी वाकडी आली. मग पान न उलटता ती खालचा परिच्छेद वाचू लागली.