दारातले काळे बूट

त्या चौकशीला वर्षं झाली, पण शारजातल्या त्या घराची बेल अजून कानात आहे. मी ती दाबली आणि आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. घाबरलेल्या घरांची शांतता मी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. ही निराळी होती.

तिथून जवळच्याच एका देशातल्या युद्धात आपले काही लोक छावणीत डांबले गेले, त्यांची घरं-दुकानं लुटली गेली. त्यांना सरकारी भरपाई मिळायची होती आणि दाव्यांची पडताळणी पोलिसांतल्या आमच्या शाखेकडे होती. एका सकाळी हजेरी चालू असताना शारजाहून फोन आला. बाई मराठी होती, स्वतःचं नाव सांगेना, पण दावा करणाऱ्या बाईंचं नाव आणि पत्ता तिनं दिला.

"नवरा छावणीत मेला म्हणून भरपाई मागायची आणि हळदीकुंकवाला येऊन सवाष्णीची ओटी भरून घ्यायची. हे कसं काय हो साहेब?"

टीप खरी असेल तर मेलेला माणूस जिवंत होता, आणि त्याला घरात लपवलं होतं. रीतसर परवानगी काढून मी गेलो. वकिलातीतला एक अधिकारी बरोबर होता.

दार दावा करणाऱ्या बाईंनीच उघडलं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. आमच्याशी बोलण्याआधी त्यांनी वाकून आमच्या मागे जिन्यात पाहिलं. दाराशी पुरुषाचे काळे बूट होते, चकचकीत. टेबलावर दोन ताटं मांडलेली.

"मिस्टर कुठे आहेत?"

"येतील."

"कधी?"

"ते मी कसं सांगू?"

"ते छावणीत वारले, असं तुमच्या सहीनं लिहून दिलंय."

"मी? असं कोण लिहील हो?" मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही त्यांना पकडलंय का? पकडलं असेल तर सांगा. मी काही म्हणणार नाही."

खोटं बोलणारा माणूस न विचारता तपशील देतो. या काहीच देत नव्हत्या. आतल्या खोल्या पाहिल्या, कुणी नव्हतं. निघताना मी सवयीनं एक बूट उलटा केला. तळ कोरा होता, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. ते बूट घालून कुणी कधी चाललं नव्हतं.

दुपारी त्यांच्या दिराला वकिलातीत बोलावलं. त्याचं औद्योगिक क्षेत्रात कँटीन होतं. आधी त्यानं उडवाउडवी केली.

"पेपर्स सगळे त्या अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्यानं केले, साहेब. मला काय माहीत?"

"बूट कोण आणतं?"

"मीच. दर दिवाळीला नवे. दादाला छावणीतून आमच्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढवलं, अनवाणी. म्हणाला, तुम्ही शारजाला जाऊन थांबा, मी येतो. खलास. पुन्हा दिसला नाही." त्यानं दोन्ही हात पुढे केले. "सही मीच मारली. आत टाका मला. फक्त वहिनीला सांगू नका, मी दादाला मेला लिहून दिलं ते. ती जगायची नाही."

दिराविरुद्धचा अहवाल मी पाठवला, तो टाळता येण्यासारखा नव्हता. पण त्याआधी बाईंचा जबाब हवा होता. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दीर दाराशीच उभा होता, आत येईना. मी लिहिलं: पतीला छावणीतून नेण्यात आले, त्यानंतर ठावठिकाणा लागलेला नाही. 'मृत' लिहिलं नाही, कारण ते सिद्ध झालं नव्हतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "यावर सही केली आणि ते आले, तर त्यांना काही त्रास नाही ना होणार?"

"नाही."

त्यांनी सही केली. मग विचारलं, "ते दुसरं कुणी लिहिलं होतं?"

मी जबाबाचा कागद उचलून फायलीत ठेवला. दीर खाली मान घालून बुटांकडे बघत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"भाऊजी, आत या," त्या म्हणाल्या. "जेवून जा. त्यांचं ताट सोडून बसा."

आयुष्यभर मी समजत आलो की चौकशीत माणूस शिक्षेला घाबरतो. त्या घरात दोघंही एका शब्दाला घाबरत होते, आणि त्या भीतीच्या आधारानंच जगत होते. तेव्हापासून कुणाकडूनही असा शब्द वदवून घ्यायची मी घाई केली नाही.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. मी आता दुबईत मुलीकडे असतो. ती म्हणते, "बाबा, आईचा नंबर बंद करूया का?" मी म्हणतो, राहू दे. दाराची बेल वाजली की आमच्याही घरातला आवाज क्षणभर थांबतो.