कोर्टाला दाखवलेली भाकरी

"काठ बघ, काठ. कुटं फुटलाय का?"

"न्हाय की गं आई. गोल गरगरीत हाय."

"मग ठिव फडक्यात. दुसरी टाक. आज तुजा हात कोरटाला दाखवायचाय."

उजाडायच्या आधीपासून दुर्गा लेकीच्या डोक्यावर उभी होती. उत्कर्षा अकरा वर्षांची. पाटावर मांडी घालून परातीत भाकरी थापत होती. हात असा पडायचा की भाकरी आपसूक फिरायची. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर धरली की टम्म फुगून वरचा पदर सुटा. दुर्गा आतल्या आत फुलायची आणि तोंडानं म्हणायची, "बरी हाय." पोरांचं तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, हे तिच्या आईनं तिला धपाटे घालून शिकवलं होतं.

दुर्गा सोलापुरात भाकरीवर जगायची. ताजी भाकरी खानावळीला, कडक भाकरी दुकानाला. मूळची ती मंगळवेढ्याकडची. तिच्या गावात सोयरीक बघायला आलेली माणसं पोरीच्या तोंडाआधी तिच्या हातची भाकरी बघायची. काठ फुटला तर पोरगी उतावीळ, मधे करपली तर तापट, पदर सुटला नाही तर उठा आणि दुसरं घर बघा. एकनाथच्या घरच्यांनी दुर्गाला अशीच पारखून नेली. भाकरीत खोट निघाली नाही, ती संसारात निघाली.

एकनाथ उजनीच्या काठचा, केळीच्या बागेचा मालक. मुलगी झाली तसं त्याचं लक्ष उडालं. दोघांच्या सहीनं काडीमोड झाला आणि पोरीचा ताबा आईकडं गेला. ताबा म्हणजे जमिनीचा, एवढंच दुर्गाला तोवर ठाऊक. त्या दिवशी एकनाथ म्हणाला होता, "ने की. पोरगीच तर हाय." नंतर पोर मेली का जगली हेही त्यानं कधी विचारलं नाही.

आणि आता तोच ताबा बदलून मागत होता. अर्जात मुलीचं शिक्षण होतं, सकस आहार होता, माया लावणारी नवी आई होती. खरं काय ते दुर्गाला त्या गावच्या मायाप्पा टेंपोवाल्यानं सांगितलं. एकनाथची आई म्हाळसाबाई पडली आणि खुब्यात मोडली. तिचं सगळं खाटेवर. दुसरी बायको सिद्धेश्वरी पोटुशी, ती म्हातारीला हात लावत नव्हती. वर बागेतल्या गड्यांच्या भाकरी. घरात एक बाईमाणूस कमी पडलं, तेव्हा एकनाथला लेक आठवली.

चन्नप्पा वकिलांनी दुर्गाला बजावलं होतं, की जज्ज मॅडम पोरीशी एकटीशी बोलतील, तिला काही पढवू नका, घरी जसं चालतं तसं सांगू दे. दुर्गानं ऐकलं, आणि तिच्या डोक्यात सोयरिकीचंच बसलं. मॅडम पोरगी बघणार. मग तोंडानं कशाला सांगायचं? हात दाखवावा. मायलेकीचं बरं चाललंय, पोर वळणाची हाय, हे भाकरीएवढं दुसरं कोण सांगणार?

शेजारच्या सुगराबीनं फडक्यात बांधलेली चवड बघितली आणि कपाळावर हात मारला. "कोर्ट में भाकऱ्या लेको जाते क्या गे दुर्गा? उसकी किताबां लेको जा."

"किताबं समद्यांच्या पोरांकडं असत्यात," दुर्गा म्हणाली. "अशी भाकरी कुणाच्या पोरीची हाय, ती दाव."

सुगराबीच्या सुना पाव आणून खायच्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात एकनाथ पांढरा शर्ट घालून बसला होता. फडकं बघून त्याला हसू आवरेना. "काय, पोरगी दाखवाया आणलीस व्हय?"

"तुज्या घरात तरी देत न्हाय," दुर्गा म्हणाली, आणि फडकं पोरीच्या हातात दिलं.

पोर आत गेली. दार लागलं. दुर्गा बाकड्यावर बसून राहिली, पोरगी आत आहे आणि पाहुणे बाहेर काय बोलतील याची वाट बघणाऱ्या आईसारखी. बऱ्याच वेळानं उत्कर्षा बाहेर आली, गालात चॉकलेट धरून.

"म्याडम लई चांगल्या हायत, आई. भाकरी मोडून बघितली. मी म्हणलं, पदर बघा. तर त्यांनी पदर बगितला."

"मग?"

"खाल्ली बी, बाकीच्या ठिवून घेतल्या. आन् म्हणल्या, तुज्या बोटांना काय झालंय. मी म्हणलं, भाजल्यालं हाय, पर आता दुकत न्हाय. कातडं जाड झालंय."

दुर्गानं तिच्या हातातलं रिकामं फडकं घेतलं आणि उगाच घडी घालायला लागली.

"मग शाळेचं इचारलं. म्हणलं, रोज जाती. बाजारच्या दिवशी तेवढं न्हाय, त्या दिवशी भाकरी लई लागत्यात." पोरीनं चॉकलेट या गालातून त्या गालात नेलं. "एक बी खोटं बोलले न्हाय."

"न्हाय बोललीस," दुर्गा म्हणाली.

पुढच्या तारखेला निकाल झाला. मॅडमचा आवाज मऊ होता. वाचताना त्या दुर्गाकडं बघून बघून वाचत होत्या, जसं आजारी माणसाला त्याचा आजार सांगावा. मुलीच्या बोटांवर भाजल्याचे जुने-नवे डाग आहेत. आई तिच्याकडून धंद्याचं काम करून घेते आणि त्यासाठी शाळा बुडवते. ताबा वडिलांकडं. आईनं महिन्यातनं एका शनिवारी भेटावं.

दुर्गा उभी राहिली. "गड्यांच्या भाकरी कराया न्हेतोय तो तिला, म्याडम. म्हातारीचं काडाया न्हेतोय."

त्याचा काही पुरावा आहे का, असं मॅडमनी विचारलं. पुरावा साऱ्या कोर्टात एकच होता, आणि तो दुर्गानं स्वतःच फडक्यात बांधून आणला होता.

बाहेर चन्नप्पा वकिलांनी सांगितलं की वरच्या कोर्टात जाता येईल, वेळ लागेल. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण बाई, भाकरी तुम्हीच नेली. आता मी काय करू?"

पहिल्या भेटीच्या शनिवारी एकनाथ पोरीला मोटारसायकलवरनं घेऊन आला. भेट कोर्टाच्या बाहेरच्या लिंबाखाली ठरली होती. तो गाडीवरनं उतरलाही नाही. पोरीचे गाल बसले होते, अंगाला फिनेलचा वास येत होता. दुर्गानं तिचा हात उलटा करून बघितला. जुन्या डागांवर नवे फोड होते.

"तितं चूल हाय," उत्कर्षा म्हणाली. "गड्यांना भाकरी मोठी लागती. आज्जीचं बी मीच काडती. शाळा म्हणत्यात म्होरल्या वर्साला बगू."

दुर्गानं पोरीचा हात तसाच धरला आणि एकनाथपुढं नेला. "ह्योच हात न्हेऊन दावती म्याडमला."

एकनाथ आरशात बघून केस सारखे करत होता. "दाव की," तो म्हणाला. "ते डाग तुजं हायत. कोरटानं लिवून घेतल्यात." मग त्याला आणखी काही आठवलं. "पर पोरगी लई तयार करून दिलीस हां. सिद्धी म्हणती, आयती सून आल्यागत झालं."

दुर्गाच्या तोंडात शिवी आली आणि तिथंच राहिली. पोरगी अजून एकनाथच्या गाडीवर बसून जायची होती.

झाडाच्या पलीकडं नेऊन तिनं पोरीला शेंगाचटणी-भाकरी खायला दिली. पोरीनं भराभरा खाल्ली. खाता खाता हळूच म्हणाली, "आता मी मुद्दाम करपवती, आई. काठ बी फोडती. तर मला परत लावून देतील म्हणून. तरी बी खात्यात."

दुर्गानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "अन्न हाय ते. नीट करत जा."

पोर रडली नाही. हात पुसून गाडीवर बसली. गाडी वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही, आणि दुर्गानंही हाक मारली नाही.

दुर्गा घरी आली तर सुगराबीनं गॅस पेटवून तवा चढवला होता. संध्याकाळी लग्नघरी भाकरी द्यायच्या होत्या. सुगराबीनं उकळतं पाणी पुढं सरकवलं. दुर्गानं पदर खोचला. पोरीचा पाट शेजारी रिकामा होता, त्यावर तिनं पिठाचा डबा ठेवला. परातीत पीठ घेतलं, त्यात पाणी ओतलं, आणि पहिली भाकरी थापायला घेतली.